शारायेसचे सरोवर : एक नकाशा आणि एक ऋतू

सतराव्या व अठराव्या शतकांतील दक्षिण अमेरिकेच्या नकाशांवर पराग्वे नदीच्या उगमाकडे एक विस्तीर्ण सरोवर दाखविलेले आढळते. त्या भागातील शारायेस लोकांवरून त्यास ‘शारायेसचे सरोवर’ हे नाव पडले. १७५० च्या माद्रिद तहान्वये स्पेन व पोर्तुगाल यांच्या वसाहतींची सीमा आखण्यास गेलेल्या मोजणीदारांस तेथे कायमचे सरोवर मिळाले नाही. कालांतराने ते नकाशांवरूनही लोपले. यावरून ते केवळ कल्पनेचे अपत्य ठरविले जाते. हा निर्णय पुरता ग्राह्य नाही, असे प्रस्तुत टिपणात सुचवावयाचे आहे.

हा प्रदेश म्हणजे आजचा पान्तानाल होय. ब्राझील, बोलिव्हिया व पराग्वे या देशांत पसरलेल्या या पाणथळ भूमीचे क्षेत्र सुमारे दीड लक्ष चौरस किलोमीटर आहे. येथे जमिनीस उतार इतका अल्प आहे, की उत्तरेकडील पुराचे पाणी दक्षिण टोकास पोचण्यास तीन-चार महिने लागतात. तेथील पावसाळा सरल्यावर तेथे पूर चढतो. उंचवटे तेवढे बेटांप्रमाणे उरतात व रानातील पशू त्यांच्या आश्रयास येतात. पाणी ओसरले म्हणजे डबक्यांत कोंडलेल्या माशांवर मगरीच्या कुळातील केमन व जाबिरू करकोचे यांचा निर्वाह होतो. करकोचांची वीणही याच सुमारास होते. येथील जीवसृष्टीचे वैभव पाण्याच्या या येण्याजाण्यावर उभे आहे.

हे रहस्य आरंभीच्या साधनांस अज्ञात नव्हते. आल्व्हार नून्येस काबेसा द व्हाका १५४३ मध्ये असुन्सिओनहून या प्रदेशात गेला. त्याच्या कारकीर्दीचा १५५५ मध्ये छापलेला वृत्तान्त पुराचे महिने सांगतो. होडीत माती घालून तीवर चूल मांडणारे व पाणी उतरेपर्यंत होडीतच राहणारे लोकही त्यात आहेत. अर्थात सरोवर खरे होते, परंतु ते वर्षातील काही मासांपुरतेच. वृत्तान्तात काळाची मर्यादा होती. नकाशाच्या रेघेत ती मावली नाही. पुढे रेघ पुसली गेली, तेव्हा पाण्याची साक्षही तिच्यासवे उपेक्षित राहिली.

हा प्रश्न केवळ नकाशाशास्त्राचा नव्हे. २००० मध्ये या प्रदेशाच्या एका भागास जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. तथापि २०२० च्या तीव्र अवर्षणात पान्तानालचा एक-चतुर्थांशाहून अधिक भाग वणव्यांत होरपळला. पूर हे संकट व कोरडी जमीन ही स्वाभाविक स्थिती, असे मानणाऱ्यास या घटनेचा अर्थ उमगणार नाही. येथे पुराचा अभाव हीच आपत्ती होय. यास्तव अशा प्रदेशाच्या इतिहासलेखकाने प्रत्येक साधनास त्याचे वर्ष विचारावे, तसाच त्याचा महिनाही विचारावा.