द्रवचलित गतिरोधक
द्रवदाबाने चालणारी ब्रेकयोजना अमेरिकन अभियंते मॅल्कम लॉकहीड यांनी विकसित केली. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारगाडीत ती चारही चाकांना होती. मात्र आरंभीच्या कातडी वाट्यांतून द्रव झिरपत असे. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी १९२४ च्या गाडीसाठी रबरी वाट्या योजल्यावर हा दोष पुष्कळसा आटोक्यात आला. मोटारसायकलींत होंडा सीबी ७५० (१९६९) पासून द्रवचलित चकती-ब्रेकचा प्रसार झाला. तेथे गळतीची एक नेहमीची जागा म्हणजे नळीचा सांधा. पोकळ बोल्टाखालील तांब्याचे वॉशर चेपून तो बंद होतो. चेपलेले जुने वॉशर पुन्हा बसविण्याची काटकसर अंगाशी येते. बोल्ट फाजील आवळल्यास ॲल्युमिनियमचे आटे मात्र जातात. सांधा जोडल्यावर नळीतील हवा काढावीच लागते, कारण हवा दबते आणि लिव्हरचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही.