अस्सल आणि बनावट : होंडा सीबी ७५० च्या पहिल्या गाड्या

इतिहास म्हटला की ताम्रपट, शिलालेख, दप्तरखान्यातले कागद एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. यंत्रालाही इतिहास असतो, आणि त्याची साधने तपासताना तीच दक्षता घ्यावी लागते, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. ज्या वाहनाला आपल्याकडे पुष्कळ दिवस ‘फटफटी’ म्हणत, त्याचेच एक उदाहरण आम्ही येथे घेणार आहोत. एका विख्यात जपानी मोटारसायकलच्या पहिल्यावहिल्या गाड्या कोणत्या, हे ओळखायचे कसे, एवढाच आमचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु पुरावा म्हणजे काय, हे त्यातून चांगले उमगते.

होंडा कंपनीने १९६८ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या प्रदर्शनात सीबी ७५० ही गाडी लोकांपुढे मांडली. एका ओळीत आडवी चार सिलिंडरे, ७३६ घन सेंटिमीटरांचे इंजिन, ६७ अश्वशक्ती आणि पुढच्या चाकाला तेलाच्या दाबाने चालणारा डिस्क ब्रेक, एवढा ऐवज सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यातल्या गाडीत तोवर कोणी दिला नव्हता. १९६९ साली अमेरिकेत तिची किंमत १,४९५ डॉलर ठरली आणि मागणीचा लोंढा सुरू झाला. वर्षाला दीडहजार गाड्या खपतील असा कंपनीचा प्रारंभीचा अंदाज होता. पुढे महिन्याला तेवढ्या गाड्या कराव्या लागल्या, आणि मग त्याही अपुऱ्या पडल्या.

आमच्या विषयाचे मूळ या चुकलेल्या अंदाजातच आहे. इंजिनाचे कवच, म्हणजे क्रँककेस, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतीव असते. दाबाने धातू भरून ओतकाम करायचे तर साचे अतिशय महाग पडतात. हजारो नग निघणार असले तरच तो खर्च परवडतो. खपाची खात्री नव्हती, म्हणून पहिली कवचे स्वस्त पद्धतीने, धातूचा रस त्याच्याच भाराने साच्यात उतरवून केली गेली. त्यामुळे त्यांचा पृष्ठभाग खडबडीत राहिला. मागणी वाढल्यावर दाबाचे साचे आले आणि कवच गुळगुळीत झाले. अशी खडबडीत कवचाची ७,४१४ इंजिने झाली, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. जाणकार त्यांना ‘सँडकास्ट’, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेली, म्हणतात. मौज अशी की हे नाव खरे नाही. साचे वाळूचे नव्हते, धातूचेच होते. पण खरखरीत अंग पाहून कोणीतरी नाव ठेवले आणि ते चिकटले. रूढ नाव हा वस्तुस्थितीचा पुरावा नव्हे, हा या शोधातला पहिला धडा.

आता खुणांकडे वळू. पहिली खूण क्रमांकाची. सांगाड्याचे क्रमांक १०००००१ पासून सुरू होतात, इंजिनाचेही तसेच; सँडकास्ट गाड्यांची मर्यादा १००७४१४ ही समजतात. पुष्कळ नवशिक्यांची अशी समजूत असते की दोन्ही क्रमांक जुळले तरच गाडी अस्सल. होंडाच्या कारखान्यात मात्र ते जुळवून बसवण्याचा प्रघात नव्हता. दोन्ही जवळपासचे असावेत एवढीच अपेक्षा योग्य. अंकन् अंक जुळलेला दिसला तर आनंद मानण्याऐवजी ठशाची अक्षरे भिंगाखाली पाहावीत, हे शहाणपणाचे.

दुसरी खूण धातूच्या पोताची. ती खोटी करणे अवघड, परंतु पुसून टाकणे फार सोपे. हौशी मालकाने कवच घासून आरशासारखे लखलखीत केले की साक्षीदाराची जीभच कापली गेली.

तिसरा वर्ग सुट्या भागांचा. मागच्या टोकाला वर उचललेली बैठक, बाजूच्या झाकणांवरच्या फटी, चारही कार्बोरेटरांना एकाच केबलच्या चार फाट्यांनी ओढणारा थ्रॉटल, ही पहिल्या नमुन्याची लक्षणे. १९७० साली ‘के १’ हा सुधारलेला नमुना आला आणि ती गेली. मात्र येथे तर्काची एक पायरी गाळून चालत नाही. ही लक्षणे गुळगुळीत कवचाच्या, पण के १ च्या आधीच्या गाड्यांतही सापडतात. गाडी के १ च्या पूर्वीची आहे एवढेच ती सांगतात. ती पहिल्या ७,४१४ पैकी आहे असे सांगत नाहीत. सायलेन्सरचे थोडे निराळे. अगदी आरंभीच्या सायलेन्सरांवर ‘एचएम ३००’ हा ठसा नसे. परंतु सायलेन्सर गंजून जातात, बदलले जातात आणि एका गाडीवरून दुसरीवर सहज चढतात.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पैसा हे एक उत्तर आहे. विक्रीपूर्वीच्या मोजक्या नमुनागाड्यांपैकी एक २०१८ साली इंग्लंडमधील लिलावात १,६१,००० पौंडांना गेली. जेथे एवढा पैसा, तेथे बनावट ठसे येणारच. पण आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. या पहिल्या गाड्यांत एक दोष होता. मागच्या चाकाची साखळी इंजिनाची ताकद न सोसून तुटे, दंतचक्रापाशी गोळा होई आणि कवच फोडून टाकी. अशा कित्येक गाड्यांची कवचे बदलावी लागली. आज अशी गाडी हाती आली की मालकापुढे दोन वाटा असतात. नव्या कवचावर जुना क्रमांक ठोकून ‘अस्सल’ म्हणून मिरवावे, किंवा कवच बदलले आहे असे स्पष्ट लिहून ठेवावे.

आमचे मत निःसंदिग्ध आहे. बदललेल्या कवचाची गाडी बनावट नव्हे. खोटा ठसा मारला की ती बनावट होते. घाईने बाजारात आणलेल्या त्या यंत्राची सारी हकीकत, त्याची झेप आणि त्याचा दोष, त्या बदललेल्या कवचातच लिहिलेली आहे. ती पुसून गाडी नवीकोरी दिसू लागेल. तिचा इतिहास मात्र जाईल. म्हणून अशा वस्तूच्या धन्याला आमची एवढीच विनंती राहील : घासण्यापूर्वी छायाचित्र काढा, काढलेला भाग टाकू नका, आणि काय बदलले ते तारखेसह कागदावर नोंदवा. पुढचा संशोधक येईल तेव्हा त्याला चकाकीचा उपयोग होणार नाही. त्या नोंदीचा होईल.