सोपाऱ्याची श्रवणपरंपरा
वसईचा इतिहास म्हटला की आपली दृष्टी चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या विजयावर आणि फिरंग्यांच्या पडक्या देवळांवर जाऊन स्थिरावते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण त्या काळाची दफ्तरे शाबूत आहेत, बखरी आहेत, बुरूजही उभे आहेत. परंतु त्याच तालुक्यातील सोपाऱ्याच्या भूमीत याहून कितीतरी प्राचीन, आणि माझ्या मते मराठी मनाला अधिक जवळचा असा एक इतिहास दडलेला आहे. तो तलवारीचा नसून श्रवणाचा आहे.

शूर्पारक, म्हणजेच हे सोपारे, अपरान्ताचे अर्थात कोकणपट्टीचे मोठे बंदर. ‘पेरिप्लस’ या प्राचीन सागरी प्रवासग्रंथाच्या ग्रीक कर्त्यालाही ते ठाऊक होते. या बंदरातला पूर्ण नावाचा व्यापारी, दासीच्या पोटी जन्मलेला, सहा वेळा समुद्र पार करून आलेला. सातव्या सफरीत श्रावस्तीच्या वाण्यांबरोबर असताना रात्री आणि पहाटे ते जे पठण करीत ते त्याच्या कानी पडले, आणि ही कोणती सुंदर गीते म्हणून त्याने पृच्छा केली, तेव्हा ही गीते नव्हेत, हे बुद्धवचन आहे, असे उत्तर त्याला मिळाले. ‘दिव्यावदाना’तील ही कथा दंतकथाच आहे हे मान्य करूनही तिच्यातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: धर्म येथे राजाज्ञेने किंवा वादविवादाने आला असे कथाकार म्हणत नाही, मालाची राखण करीत, वाऱ्याची वाट पाहत बसलेल्या माणसांच्या तोंडून तो स्वररूपाने आला, आणि अर्थ कळण्याआधी नाद आवडला. पुढे पूर्णाने दीक्षा घेतली आणि अपरान्तातील तामसी लोकांमध्ये जाऊन राहण्याची अनुज्ञा मागितली. ते शिव्या देतील तर, मारतील तर, असे बुद्धाने विचारले असता, मारण्याऐवजी शिव्याच दिल्या, प्राण घेण्याऐवजी केवळ मारलेच, म्हणून हे लोक भलेच, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले.

याच किनाऱ्यावर बाहिय नावाचा वल्कलधारी तपस्वी राहत असल्याचे पालि ‘उदान’ सांगते. लोकांच्या आदरामुळे आपण अर्हत, म्हणजे मुक्त पुरुष, झालो असे त्याला वाटू लागले होते. तो भ्रम दूर होताच तो श्रावस्तीपर्यंत गेला आणि भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धाला त्याने वाटेतच गाठले. ही वेळ नव्हे म्हणून दोनदा नकार मिळाला, पण मृत्यूचा काय भरवसा, असे म्हणत त्याने हट्ट सोडला नाही. तेव्हा रस्त्यात उभ्याउभ्या त्याला जो उपदेश मिळाला त्याचा भाव असा की, पाहताना पाहिलेल्यात आणि ऐकताना ऐकलेल्यात आपल्या पदरची भर घालू नये. थोड्याच वेळाने वासराबरोबरच्या एका गाईने शिंग मारून त्याला ठार केले. जपानातील झेन साधक चहा करताना किंवा अंगण झाडताना जी सावधानता साधू पाहतात तिचे मर्म या मोजक्या शब्दांच्या उपदेशात आहे, आणि तो ऐकायला निघालेला माणूस आपल्या सोपाऱ्याचा होता, हे आपल्या शाळांतून कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील टेकाड उकरले. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत असत. तो स्तूप असल्याची स्मृती लोप पावली होती. विटांच्या कोनाड्यात दगडी पेटी निघाली. तिच्या मध्यभागी तांब्याचा करंडक होता, त्याच्या आत रुप्याचा, मग मौल्यवान दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आत सोन्याची डबी. डबीत काय असावे? सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले. भोवती आठ कांस्यमूर्ती बसविलेल्या होत्या, सात बुद्ध आणि आठवा भावी मैत्रेय. करंडकात यज्ञश्री सातकर्णीचे नाणे असल्याने मूळ निक्षेप सातवाहनकालीन ठरतो, परंतु मूर्तींची घडण कित्येक शतके नंतरची आहे. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी स्तूप उघडला, पूर्वजांची ठेव जशीच्या तशी राहू दिली, आपल्या काळची कला तिच्याभोवती मांडली आणि पुन्हा तो बुजविला. त्या अनाम कारागिरांच्या संयमापुढे मी नतमस्तक होतो. हे करंडक आता मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत.

१८८२ सालीच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला, ज्यात मृगयेच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचे सम्राट सांगतो. नवव्या शासनाचा तुकडा मात्र १९५६ पर्यंत जवळच्या भुईगावात पडून होता. लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना लोक जी नाना मंगले करतात त्यांचे फळ अल्प असते, खरे मंगल ते धर्ममंगल, असे हे शासन बजावते. आणि त्या धर्ममंगलाची गणना करताना आरंभीच दास आणि सेवक यांच्याशी योग्य वागणूक सांगते. दासीपुत्र पूर्णाच्या बंदराला ही शिला मिळाली होती.