मतदारयादींतील स्त्रीनामें

शिरपूर जैन हें क्षेत्र अंतरिक्ष पार्श्वनाथामुळें विश्रुत आहे. येथें येणारे संग्राहक आम्हांस पोथ्या विचारितात, शिलालेख विचारितात, क्वचित् एखादी सनदहि विचारितात. १९५१-५२ च्या निवडणुकीची मतदारयादी मात्र आजवर कोणीं विचारिली नाहीं. ती रद्दीच, असा समज दिसतो. स्वतंत्र भारतांतील स्त्रियांच्या राजकारणाचें आद्य साधन तीच होय, असें आमचें मत आहे.

जुन्या कागदांत स्त्री निनांवी असते, हें म्हणणें अर्धेंच खरें. खरेदीखतांत व वतनाच्या तंट्यांत ‘अमुकबाई कोम अमुक’ किंवा ‘भ्रतार अमुक’ असें लिहिलेलें आढळतें. मोगलाईंतील कागदांत ‘जौजे’ हा अरबी मूळाचा शब्द येतो. ‘भ्रतार’ म्हणजे संस्कृत भर्तृ, हें सांगावयास नकोच. नवऱ्याचें नांव लागतें खरें, पण बाईचें नांव त्याच्या आधीं असतें. जैन पोथ्यांच्या पुष्पिकांतहि पोथी लिहवून घेणाऱ्या श्राविकेचा नामनिर्देश सांपडतो. उलट वंशावळी पाहाव्या, तर पिढ्यान् पिढ्या केवळ पुरुषांच्या! कारण उघड आहे. जेथें मिळकत वा दान, तेथें स्त्रीस नांव, एरवीं नाहीं.

इंग्रजी अमदानींत मताधिकारासहि हाच न्याय लागला. मुंबई इलाख्यांत १९२१ सालीं स्त्रियांस मत मिळालें तें मिळकतीच्या पात्रतेवर. आणि १९३५ च्या कायद्यानें नवऱ्याच्या मिळकतीवरून पत्नीसहि मतदार होतां येऊं लागलें, म्हणजे ‘जौजे’ ही दप्तरांतील संज्ञा जणूं कायद्यांत शिरली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिसभेंत ११२ जागा होत्या. त्यांपैकीं ३ स्त्रियांकरितां राखलेल्या.

१९५० च्या राज्यघटनेनें ही सांखळी तोडली. एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीस, तिचें शेत असो वा नसो, मत मिळालें. जिच्या नांवावर खापरीचा तुकडाहि नव्हता, तिला सरकारी माणूस प्रथमच नांव विचारूं लागला. तें सांगणें मात्र सर्वत्र साधलें नाहीं. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच ओळख लाखों स्त्रियांनीं दिली. अशा नोंदी ग्राह्य धरावयाच्या नाहींत, असें मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं ठरविलें. सुमारें ८ कोटि स्त्रीमतदारांपैकीं जवळजवळ २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें अशा रीतीनें यादीबाहेर राहिलीं. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्यभारत, राजस्थान व विंध्यप्रदेश या भागांतील होत्या. निर्णय कठोर होता, पण आमच्या मतें योग्य होता. कारण पुढील यादींत नांव घालावयाचें तर तें सांगणेंच भाग पडलें.

आमच्या प्रांतापुरतें पाहावयाचें तर नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांचें चरित्र या स्थित्यंताराचा चालताबोलता दाखलाच आहे. १९२८ सालीं त्या प्रांतिक कौन्सिलांत आल्या त्या सरकारच्या नेमणुकीनें; १९३० च्या चळवळींत त्यांनीं ती जागा सोडली. १९३७ सालीं मर्यादित मतदारांच्या विधिसभेंत त्या उपसभापति झाल्या. १९४२ च्या आष्टी-चिमूर प्रकरणांत फांशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वांचविण्यासाठीं त्यांनीं जे श्रम केले, ते विदर्भांत आजहि आठवले जातात. आणि १९५२ सालीं त्या नागपुरांतून लोकसभेवर गेल्या, त्या सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मतांनीं. नेमणूक, मर्यादित मत व सार्वत्रिक मत, या तिन्ही पायऱ्या एकाच बाईनें चढाव्या, हें विरळाच.

इतर नवस्वतंत्र देशांची वाट निराळी दिसते. आफ्रिकेंतील घाना १९५७ सालीं स्वतंत्र झाला व १९६० सालीं खास कायदा करून तेथें दहा स्त्रिया विधिमंडळांत घेण्यांत आल्या. आमच्या घटनेनें आरंभीं स्त्रियांस राखीव जागा ठेविली नाहीं. पंचायतींत ती १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीनें आली, आणि लोकसभा-विधानसभांसाठींची १०६ वी दुरुस्ती २०२३ सालीं मंजूर झाली. कोणता मार्ग बरा, हा वाद येथें नको.

ज्यांच्या माळ्यावर त्या काळच्या याद्या असतील त्यांनीं त्या फाडूं नयेत. आमचें गांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत होतें; वाशीम जिल्हा १९९८ चा, हें शोधतांना ध्यानीं ठेवावें. लग्नांत नांव बदलण्याची चाल असल्यानें यादींतील नांव सासरचें असावयाचें. माहेरचें नांव ठाऊक असल्यास समासांत पेन्सिलीनें टिपून ठेवावें, शाईनें नव्हे.