डोळ्याच्या पडद्यावरील लेसर: भोपाळला जाण्याआधी एवढे माहीत असू द्या

पांढुर्णा, मुलताई, बैतूलकडून इटारसीमार्गे, तर बऱ्हाणपूरकडून खंडव्यामार्गे भोपाळला डोळे दाखवायला जाणारे अनेक मराठी रुग्ण असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर पहिल्यांदा कळते की त्रास मोतीबिंदूचा नसून ‘पडद्याचा’ आहे आणि लेसर करावे लागेल. मग प्रश्न सुरू होतात. लेसर म्हणजे ऑपरेशन का? चष्मा जाईल का? दिसायला लागेल का?

पडदा म्हणजे काय?

डोळ्याच्या आत, अगदी मागच्या बाजूला असलेला पातळ थर म्हणजे दृष्टिपटल, ज्याला डॉक्टर रेटिना म्हणतात. समोरचे चित्र यावर उमटते आणि नसेतून मेंदूकडे जाते. मोतीबिंदू पुढच्या भिंगात होतो. ते भिंग बदलता येते, पडदा बदलता येत नाही. म्हणूनच पडद्याच्या आजारात वेळेला फार किंमत आहे.

चष्मा घालवण्यासाठी करतात ते लेसर बुबुळावर होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आलेली जाळी काढतात, ते लेसरही वेगळे. या दोन्हींचा पडद्याच्या लेसरशी संबंध नाही.

लेसर कशासाठी करतात?

पहिले आणि मोठे कारण म्हणजे शुगर. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, गळू लागतात, काही बंद पडतात. रक्त न मिळालेला पडदा नव्या, कच्च्या वाहिन्या तयार करतो. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरते. अशा वेळी पडद्याच्या कडेच्या भागावर लेसरचे शेकडो, कधी हजाराहून जास्त बारीक ठिपके देतात. त्यामुळे पडद्याची रक्ताची मागणी कमी होते आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात 1976 मध्येच दिसून आले की या उपचाराने दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो.

दुसरे कारण, पडद्याला पडलेले छिद्र किंवा चीर. तिच्याभोवती लेसरचे कुंपण घातले की आतले पाणी पडद्याखाली शिरत नाही. पडदा आधीच बराच सुटला असेल तर मात्र नुसत्या लेसरने भागत नाही, ऑपरेशन लागते.

तिसरे कारण, फार लवकर जन्मलेली बाळे. 34 आठवड्यांच्या आधी किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर महिनाभराच्या आत तपासून घ्यायला हवा. बाळ फारच लवकर किंवा लहान जन्मले असेल तर त्याहूनही आधी. लेसर लागणार असे ठरले तर ते दोन-तीन दिवसांत करावे लागते. ‘बाळ जरा मोठं झालं की बघू’ म्हणण्यात डोळा जाऊ शकतो.

प्रत्यक्षात काय होते?

बहुतेक वेळा दाखल व्हावे लागत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात, मग डोळा बधिर करतात. रुग्ण मशीनपुढे हनुवटी टेकवून बसतो, डॉक्टर डोळ्यावर एक भिंग ठेवतात. लख्ख प्रकाश चमकतो, मध्येच टोचल्यासारखे किंवा दुखल्यासारखे होते. मधुमेहाच्या लेसरला बऱ्याचदा दोन-तीन बैठका लागतात.

त्या दिवशी काही तास धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. म्हणून सोबत माणूस आणि काळा चष्मा हवाच. स्वतः गाडी चालवू नये. त्याच दिवशी परतायचे असेल तर तिकीट संध्याकाळचे काढलेले बरे.

लेसरने दिसायला लागते का?

इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. मधुमेहातले लेसर मुख्यतः उरलेली नजर वाचवते, गेलेली नजर सहसा परत आणत नाही. पहिल्या बैठकीनंतर ‘काहीच फरक नाही’ म्हणून लोक पुढच्या बैठकीला जात नाहीत, आणि काही महिन्यांनी डोळ्यात रक्त उतरल्यावर धावत येतात. रात्री किंवा कडेने थोडे कमी दिसणे हा लेसरचा दुष्परिणाम असू शकतो. तो आधीच विचारून समजून घ्यावा. पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर आता बऱ्याचदा डोळ्यात इंजेक्शन देतात. तेही एकदा घेऊन भागत नाही, तारखा पाळाव्या लागतात.

गॅसपीडितांसाठी वेगळी गोष्ट

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये पसरलेल्या मिथाइल आयसोसायनेटने डोळ्यांचा मुख्यतः पुढचा भाग, म्हणजे बुबुळ आणि वरची त्वचा, भाजला. त्या रात्री हमीदिया रुग्णालयात डोळे चोळत आलेल्यांची रीघ लागली होती. त्यामुळे आजही त्या पिढीतला माणूस धूसर दिसले की ‘गॅसचंच असेल’ म्हणून सोडून देऊ शकतो. पण त्याच माणसाला शुगर असेल तर पडदा वेगळा तपासायलाच हवा. डोळ्याच्या पुढच्या भागाची तपासणी झाली म्हणजे पडद्याची झाली, असे होत नाही.

कुठे आणि काय घेऊन जावे?

भोपाळमध्ये एम्स, गांधी मेडिकल कॉलेजचे हमीदिया, गॅसपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय आणि संत हिरदाराम नगरातील सेवा सदन नेत्र रुग्णालय अशा ठिकाणी डोळ्यांचे उपचार होतात. निघण्याआधी फोन करून पडद्याचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारावे. जुने कागद, शुगर आणि बीपीचे ताजे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि आधार कार्ड सोबत ठेवावे. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालते. मात्र तुमचा नेमका उपचार त्यात बसतो का, हे तिथल्या आयुष्मान काउंटरवर आधीच विचारून घ्यावे.

थांबू नका, जर...

डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा जाळे तरंगू लागले, विजेसारखे चमकले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले किंवा एकदम दिसेनासे झाले, तर त्याच दिवशी जवळच्या नेत्रतज्ज्ञाला गाठा. भोपाळची तारीख मिळेपर्यंत वाट पाहू नका.

आणि शुगर असेल तर नीट दिसत असतानाही वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासून घ्या. हा आजार सुरुवातीला दुखत नाही आणि नजरही कमी करत नाही. तो लवकर सापडला तरच लेसरचा खरा उपयोग होतो.