वालाचे बिरडे आणि प्रयोगशाळा

आपल्या पेण-रोह्याकडे भाताची कापणी झाली की त्याच शेतात, मुरलेल्या ओलीवर, वाल पेरतात. थंडीत हिरव्या शेंगांची पोपटी होते आणि सुकलेले कडवे वाल वर्षभर घरात राहतात. ते रात्री भिजत घालावयाचे, पाणी फेकून फडक्यात बांधावयाचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावयाचा आणि मग बिरडे करावयाचे. एवढा खटाटोप कशासाठी, असे नव्या सुनेने विचारले तर "वाल कडू असतात, बाधतात" एवढेच उत्तर सासूबाईंकडून मिळे. मलाही तेच मिळाले.

या उत्तरामागचे एक कारण पुढे प्रयोगशाळेत हाती लागले, आणि ते शोधणाऱ्यांत एक मराठी स्त्री होती. तिची हकीकत आपल्या भगिनींना ठाऊक असावी म्हणून हे चार शब्द.

डॉ. कमला सोहोनी या माहेरच्या भागवत. विदुषी दुर्गा भागवत यांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहू, मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतले. तेथे त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या स्वदेशी परतल्या. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काही काळ काम केल्यावर त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. नीरा, कडधान्ये, भाताचे पीठ असे गरिबाच्या ताटातले पदार्थ त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासावयास घेतले.

१९५५ साली 'नेचर' या नामांकित नियतकालिकात त्यांचा व के. एस. अंबे यांचा लेख आला. वाल आणि डबल बी यांतून त्यांनी एक द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले होते. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचा पाचक रस प्रथिने फोडतो. हे द्रव्य त्यालाच अडविते. म्हणजे कच्च्या वालात प्रथिने भरपूर असूनही ती पुरती अंगी लागत नाहीत.

आता आपल्या रीतीकडे पाहू. साल काढल्याने तिच्यातील तुरट टॅनिन जाते. मोड आल्याने हे अडविणारे द्रव्य काही अंशी कमी होते. पण खरे काम चुलीवर होते. पाण्यात नीट शिजविले की ते बहुतेक निकामी होते. म्हणून हल्ली मुगाचे मोड कच्चे खातात तसे वालाचे खाऊ नयेत. बिरड्याचा दाणा अख्खा दिसावा, पण बोटाने दाबताच मऊ लागावा. असे शिजलेले वाल भाताबरोबर खाल्ले की भातात उणे असलेले लायसिन वाल पुरवितात, आणि वालात उणे असलेले मेथिओनिन भात पुरवितो. घरच्या ताटाची ही जोडी शास्त्रालाही मान्य आहे.

कमलाबाई प्रयोगशाळेपाशी थांबल्या नाहीत. भेसळीविरुद्धचा कायदा १९५४ साली झाला होता, पण दुकानातली डाळ प्रत्यक्ष पारखणार कोण? १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांसाठी संस्था काढली, ती कन्झ्युमर गायडन्स सोसायटी. कमलाबाई तिच्या कामात शिरल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या आणि तिच्या 'कीमत' या पत्रिकेत गृहिणींसाठी लिहीत राहिल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या मंडळातील वडीलधाऱ्या बायका वाल किती तास भिजवितात, किती वेळ शिजवितात, पाणी किती वेळा बदलतात, हे प्रत्येकीने त्यांना विचारून वहीत उतरून ठेवावे. सोललेले वाल बाजारात आयते मिळू लागल्यापासून हे विचारणाऱ्या सुना कमी होत चालल्या आहेत.