पोटरी-नडगीच्या अतिवापराच्या इजा

गुडघा ते घोटा या भागातील स्नायू, कंडरा, स्नायूंवरची प्रावरणी आणि हाडावरचे पातळ आवरण यांना एखाद्या मोठ्या धक्क्याने नव्हे, तर त्याच त्या हालचालीच्या सततच्या माऱ्याने होणाऱ्या इजा. पडणे, मुरगळणे, ठेच लागणे यांत मोडत नाही. त्यामुळे ‘कधी लागलं?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला रुग्णाकडे धड उत्तर नसते.

श्रमाने ऊतींची थोडी झीज होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. श्रम बेताबेताने वाढले तर ऊती बळकट होतात, एकदम वाढले तर भरपाई मागे पडते. त्यातही स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला मात्र महिने लागतात. म्हणून दम वाढलेला असतो, पोटऱ्या साथ देत असतात आणि नेमकी टाचेमागची शीर, म्हणजे तिथली कंडरा, दुखू लागते. धावताना या शिरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. टाचेच्या वर २ ते ६ सेंमी. या टापूत तिला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि दुखणे बहुधा तिथेच धरते.

सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी परिसरात अशा इजांना वाव देणारी निमित्ते बरीच आहेत. पहिले पोलीस भरतीचे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्याचे असतात. जाहिरात निघाली की एरवी न धावणारी मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर उतरतात. काही आठवड्यांत नडगीच्या आतल्या कडेला ठणका सुरू होतो. सुरुवातीला अंग तापल्यावर तो ओसरतो आणि तिथेच फसगत होते. दाबल्यावर ५ सेंमी. किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल तर ही नडगीच्या कडेची इजा समजावी. एकाच बोटाएवढ्या जागी कळ येत असेल आणि रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी. सुरुवातीच्या एक्स-रेत ती पुष्कळदा दिसत नाही. आंबोली घाटात सराव करणाऱ्यांना चढावर पोटरी आणि टाचेची शीर, तर उतारावर नडगीच्या पुढचा स्नायू जाच देतो.

दुसरे निमित्त दशावतारी नाटकांचे. त्यांतल्या नटाचा भार निराळा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पाऊस तोंडावर येईपर्यंत आजगावकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळ्यांचा हंगाम चालतो. रात्री उशिरा रंगलेला राजा उजाडेपर्यंत नाचतो. पखवाजाच्या थापेला पाय आपटायचा, युद्धात गिरक्या घ्यायच्या, तेही भरजरी वेशाच्या ओझ्यासह; जमीन कधी सारवलेली, तर कधी देवळाची फरशी. पूर्वी प्रयोग संपला की हाच राजा पेटारा घेऊन पुढच्या गावाची वाट धरी. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्याच्या गरिबीवर आहे, पण पोटऱ्यांना विसावा न मिळण्याचे इतके नेमके वर्णन वैद्यकातही सापडणार नाही. श्रमाचा चढ पाहता हंगामाचे पहिले दिवस जास्त जोखमीचे. पायपेटीवाला तर कुणाच्या हिशेबातच नसतो. भाता दाबणारा त्याचा पाय बसल्या जागी रात्रभर राबतो.

भातलावणीच्या दिवसांत चिखलात रुतलेले पाऊल उपसताना पोटरी आणि नडगीचे स्नायू भरून येतात. पावसाळ्यात मात्र ‘लावणीचे दुखणे’ म्हणून पोटरीकडे काणाडोळा करणे धोक्याचे. सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात आणि पोटऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखणे हे त्या आजाराचे ठळक लक्षण आहे. सोबत ताप आणि लाल डोळे असतील तर तेल चोळत घरी न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर रक्तवाहिनीत गुठळी असू शकते. तीही चोळू नये.

क्वचित दिसणारा प्रकार कप्प्यातील दाबाचा. पोटरी-नडगीचे स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असतात. धावताना फुगलेल्या स्नायूला ताठ प्रावरणी जागा देत नाही. ठरावीक अंतरानंतर पाय दगडासारखा होतो, पाऊल बधिर पडते आणि थांबल्यावर थोड्या वेळात सगळे निवळते. निदानासाठी सुईने कप्प्यातील दाब मोजतात. इतर उपायांनी भागले नाही तर प्रावरणीला चीर देतात.

बाकी इजांत उपचार भार कमी करण्यापासून सुरू होतो. पूर्ण विश्रांतीने कळ थांबते, पण ऊती बळकट होत नाहीत, म्हणून धावायला लागताच दुखणे परत येते. निर्गुडीचा शेक आराम देतो, इतकेच. टाचेच्या शिरेसाठी स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेली पद्धत जगभर वापरली जाते: पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची, गुडघा सरळ ठेवून १५ वेळांचे तीन फेरे, वाकवून तितकेच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. आल्फ्रेडसन यांच्या मूळ पद्धतीत थोडे दुखले तरी व्यायाम चालू ठेवायचा असतो; आपल्याकडे नेमके तिथेच तो सोडला जातो. सिप्रोफ्लॉक्सासिन गटातील प्रतिजैविकांनी हीच शीर कमजोर होऊन तुटू शकते, म्हणून ही औषधे घेत असताना शीर दुखू लागल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे.